आगाशीपर्यंत महापालिका

विरार स्टेशनाच्या पश्चिमेला अर्नाळ्याची बस धरली, तर वाटेत शहर कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं हे प्रवाशाला कळत नाही. सरकारला मात्र पक्कं ठाऊक असतं. आगाशीपर्यंत वसई-विरार शहर महानगरपालिका. त्यापुढे अर्नाळा ग्रामपंचायत. किनाऱ्यावरून होडीत बसून समोरच्या बेटावर उतरलात की तिसरा कारभार: अर्नाळा किल्ला ही वेगळी ग्रामपंचायत. तासाभराच्या प्रवासात तीन हद्दी. वर गंमत अशी की जनगणनेच्या खात्यात अर्नाळा हे ‘नगर’ आहे. पाच हजारांवर वस्ती, दाटी, शेतीबाहेरचा रोजगार या कसोट्या लावून जनगणनेने गावाला शहर म्हटलं. राज्य सरकारने सरपंचच ठेवला.

महापालिका आली ३ जुलै २००९ला. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची ५३ गावं एकत्र करून ती झाली. गावांनी आरडाओरडा केला, मोर्चे काढले, आणि त्याच वर्षी विवेक पंडित याच प्रश्नावर वसईतून आमदार झाले. २०११मध्ये सरकारने २९ गावं वगळायचं ठरवलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, स्थगिती आली, आणि २०२४मध्ये सरकारने स्वतःचाच तो निर्णय मागे घेतला. निर्मळ, वाघोली, भुईगावच्या माणसांना मधली तेरा वर्षं आपण नक्की कुठले, हे छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. अर्नाळा या सगळ्यातून बाहेर राहिला. बाहेर राहिला हे बरं झालं की वाईट, यावर वसईच्या पश्चिम पट्ट्यात लग्नाच्या मांडवापासून मर्तिकाच्या पडवीपर्यंत कुठेही वाद झडतो.

त्यातलाच एक वाद इथे मांडतो. तो एका बैठकीतला नाही, चार ठिकाणी ऐकलेलं दोघांच्या तोंडी घातलंय. मामा उभा जन्म डोल जाळ्याच्या बोटीवर तांडेल (बोटीचे म्होरके) होते, मध्ये एकदा पंचायतीचे सदस्यही. भाची अर्नाळ्यात वाढली, आता विरारला फ्लॅटमध्ये राहते आणि वास्तुरचनाकाराच्या कार्यालयात नकाशे काढते. अंदाज असा होईल की म्हाताऱ्याला गाव जपायचंय आणि पोरीला शहर हवंय. आहे नेमकं उलटं.

मामा : एक सांग बाय. गावात आग लागली तर बंब कुठून येतो?

भाची : विरारहून.

मामा : म्हणजे महापालिकेचा. दवाखाना मोठा हवा तर विरार, वसई. पोरांचं कॉलेज तिकडे. मासळी विकायला बाया तिकडे. रोज ज्याच्याकडून उसनं घ्यायचं, त्यालाच दारात उभं करायचं नाही?

भाची : शेजाऱ्याची शिडी घेतली म्हणून घर त्याच्या नावावर करायचं का मामा? बंबाचे पैसे द्यावेत पंचायतीने. करार करावा.

मामा : पंचायतीकडे पैसे असते तर मी तुझ्याशी भांडलो नसतो. सोमवारी सकाळी किनाऱ्यावर ये एकदा. शनिवार-रविवार रिसॉर्टवर मुंबईची माणसं. सोमवारी वाळूत बघ: बाटल्या, थर्माकोलच्या प्लेटी, वेफर्सच्या पुड्या, लहान पोरांची लंगोटं. भरती ते सगळं उचलते आणि आमच्या जाळ्यात आणून देते. डोल ओढली की बोंबलाबरोबर प्लास्टिक, ते निवडण्यात तास जातो. ग्रामपंचायतीने गाडी फिरवली तरी ती रिकामी कुठे करायची? जागाच नाही.

भाची : महापालिका कुठे टाकते माहीत आहे ना? गोखिवऱ्याला. डोंगर झालाय. उन्हाळ्यात पेटतो आणि धूर आजूबाजूच्या पाड्यांत. तुझा कचरा तिकडे जाईल हे खरं. पण शहराला उद्या नवीन जागा हवी झाली, की नकाशावर मोकळी दिसणारी जमीन कुठली? खाजण. आपलं. मी नकाशे काढते, मामा. शहराच्या नकाशात जे रंगवलेलं नसतं ना, त्याला रिकामं म्हणतात. तुझं खळं नकाशावर रिकामं आहे.

(खळं म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा. ऑक्टोबरनंतर अर्नाळ्यात जाऊन पाहण्यासारखी. बांबूच्या वलांडींवर बोंबील जोडीने टांगलेले असतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. दोरा नाही, टाचणी नाही. एक बाई बोलता बोलता पाटी रिकामी करते आणि नजर हातांकडे नसतेच. खाली जमिनीवर जवळा पसरलेला, त्याला कुत्रं शिवू नये म्हणून एक पोर काठी घेऊन बसवलेलं. याला रिकामी जागा म्हणायला कागदच हवा.)

मामा : भीती घालू नकोस. महापालिकेत नियम असतात, आराखडा असतो.

भाची : आराखडा! नालासोपाऱ्यात अग्रवाल नगरीत २०२५च्या सुरुवातीला ४१ इमारती पाडल्या, उच्च न्यायालयाच्या आदेशावरून. ती जमीन कशासाठी राखीव होती? सांडपाणी प्रकल्पासाठी आणि कचराभूमीसाठी. म्हणजे आराखड्यात होतं सगळं. आराखड्यावर चार-चार माळे उभे राहिले, माणसं राहायला आली, कर्ज काढून आली. मग बुलडोझर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला, १७ माणसं गेली. हे सगळं महापालिकेच्या हद्दीत, तुझ्या त्या नियमांच्या छायेत.

मामा : आणि पंचायतीत बेकायदा काही नाही? हसू नकोस. मी बसलोय त्या खुर्चीत. किनाऱ्यावरच्या बांधकामाला नोटीस काढायची म्हटलं, तर बांधणारा माझ्या साडूचा भाऊ. ग्रामसेवक बाहेरचा, त्याला बदलीची घाई. गाव लहान म्हणजे सगळे नात्यातले. नात्यातल्या माणसाला नियम दाखवता येत नाही, बाय. मला लांबचा, ओळख नसलेला अधिकारी हवा. त्याने येऊन पाडावं, आणि मला लग्नात साडूला तोंड दाखवता यावं.

इथे भाची थोडी गप्प झाली. लहान गावाच्या बाजूने बोलणारे बहुतेक जण हा भाग टाळतात. गावात लोकशाही जवळ असते हे खरं, पण ती फारच जवळ असते. ग्रामपंचायतीच्या प्रत्येक ठरावाला दोन आडनावं आणि एक जुनं भांडण चिकटलेलं असतं. त्यात वसईच्या किनाऱ्यावर कोळी, मांगेला, वाडवळ, ख्रिस्ती, मुसलमान अशी एकाला लागून एक वस्ती. अर्नाळ्याच्या किल्ल्यात देवळं आहेत आणि दर्गाही आहे. सगळे एकत्र नांदतात, आणि निवडणुकीत सगळे एकमेकांची मतं मोजतात.

भाची : ठीक आहे, साडूचं पटलं. पण तो लांबचा अधिकारी कोणाला उत्तर देतो? महापालिकेची मुदत २०२० सालच्या जूनमध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षं नगरसेवकच नव्हता, प्रशासक. अख्ख्या शहराचं अंदाजपत्रक एका खुर्चीवरून. आणि नगरसेवक आले तरी ११५. त्यात अर्नाळ्याचा कितवा हिस्सा? एखादा प्रभाग, तोही आगाशीला जोडून. तुला रस्त्यात सरपंच भेटतो, शिव्या घालता येतात. आयुक्त कधी भेटलाय?

मामा : सरपंचाला शिव्या घालून दिवा लागत नाही.

भाची : इटलीत एक किनारा आहे, चिंक्वे तेर्रे. पाच गावं, डोंगराच्या कड्याला चिकटलेली. आमच्या अभ्यासात होती. पाच गावांच्या मिळून तीन नगरपालिका: मोन्तेरोस्सो एक, वेर्नात्सा, तिच्यात कोर्नील्या, आणि रिओमाज्जोरे, तिच्यात मानारोला. वेर्नात्साची वस्ती किती असेल? हजारही नाही. तरी तिचा स्वतःचा निवडून आलेला महापौर. तिथे हजार माणसांच्या गावालाही आणि रोम शहरालाही ‘कोमुने’च म्हणतात.

मामा : हजार माणसांत महापौर? मग आमच्या बंदरपाड्यालाही एक द्या.

भाची : हसतोस काय. मुसोलिनीच्या काळात इटलीतल्या गावांवरही हेच आलं होतं. १९२६पासून निवडलेला महापौर गेला, वरून नेमलेला माणूस बसला. छोट्या गावांच्या पालिका मोठ्यांत घालून टाकल्या. युद्धानंतर बऱ्याच गावांनी भांडून आपापली पालिका परत घेतली.

मामा : आता मुसोलिनीपर्यंत गेलीस. आपला प्रशासक बिचारा सरकारी नोकर होता, त्याला कशाला त्या पंगतीत बसवतेस?

(मामांचं बरोबर आहे. निवडणुका लांबणं आणि हुकूमशाही यांत फरक असतो, आणि तो पुसला की वाद सोपा होतो पण खोटा होतो. तरी भाचीच्या बोलण्यातला एक कण उरतोच: लहान गाव मोठ्यात घालताना कारण नेहमी सोयीचं सांगितलं जातं. सोय कोणाची, हे मात्र सांगत नाहीत.)

मामा : बरं, त्या तुझ्या गावांचं पुढे काय झालं ते सांग. मासे पकडतात का?

भाची : (जरा थांबून) थोडे. बहुतेक पर्यटन. १९९७मध्ये युनेस्कोच्या यादीत आली, दोन वर्षांनी राष्ट्रीय उद्यान झालं. आता उन्हाळ्यात गर्दी इतकी, की पायवाटांवर तिकीट लावलंय.

मामा : म्हणजे महापौर राहिला आणि गाव गेलं. खोल्या भाड्याने द्यायच्या आणि पाहुण्यांना खिडकीतून समुद्र दाखवायचा. आमच्या रिसॉर्टवाल्यांना हे सांगू नकोस, उद्या तेच महापौर होतील.

भाची : पण तो निर्णय तिथल्यांनी घेतला. तिकीट किती, वाट कधी बंद, हे ठरवायला त्यांच्या हातात काहीतरी आहे. २०११च्या ऑक्टोबरमध्ये पूर आला, वेर्नात्सात चिखल पहिल्या मजल्यापर्यंत गेला. तेव्हा गावाकडे स्वतःची पालिका होती म्हणून पुन्हा कसं बांधायचं यावर गावात वाद तरी झाला. आपल्या किल्ल्यावर घरं पाण्यात गेली तेव्हा वाद कोणाशी घालायचा?

मामा : किल्ल्याचं नाव काढलंस म्हणून बोलतो. त्यांना तर वेगळी पंचायत आहे. तुझ्या हिशोबाने सगळ्यांत सुखी तेच असायला हवेत. बेट, आपला सरपंच, आपला ठराव. आणि उधाणाला दरवर्षी किनारा आत सरकतो. घरापुढचं अंगण गेलं, मग ओटा, मग घर. ठराव केले असतील पन्नास. समुद्र ठराव वाचत नाही.

भाची : महापालिकेचं पत्र वाचतो का?

या एका प्रश्नावर दोघांचंही बोलणं अडतं, आणि मला वाटतं खरा विषय इथून सुरू होतो. अर्नाळ्याच्या पोटापाण्याच्या आणि जिवाच्या गोष्टी कोणाच्या हातात आहेत, याचा हिशोब करून पाहा. धूपप्रतिबंधक बंधारा बांधायचा तर पत्तन खातं. जेटी हवी तर मेरिटाइम बोर्ड. वैतरणेच्या मुखातला वाळूउपसा थांबवायचा तर महसूल खातं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तो नियम मत्स्यव्यवसाय खात्याचा. समुद्रात कवी (डोल बांधायचे खुंट) कुठे मारायच्या, यावरून इकडच्या बोटींचं सातपाटी-डहाणूकडच्यांशी वर्षानुवर्षं वाजतं, तेही तिथेच जातं. आणि उत्तरेला वाढवणला ७६ हजार कोटींचं बंदर येतंय, त्याला जून २०२४मध्ये दिल्लीच्या मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. मच्छीमारांचा विरोध होता आणि आहे. यात सरपंचाला कोणी विचारत नाही, महापौरालाही नाही. मामा-भाची ज्यावरून भांडतात तो दिवाबत्ती, गटार, कचरा, घरपट्टी यांचा तुकडा आहे. लहान तुकडा, पण रोज पायाखाली येणारा.

नाव मात्र अर्नाळ्याचं दूरवर गेलंय. पोर्तुगीज या बेटाला गाईंचं बेट म्हणत. गुजरातच्या सुलतानाने तिथे कोट बांधला, पोर्तुगीजांनी घेतला, १७३७मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि पहिल्या बाजीरावाच्या वेळी आज दिसतो तो किल्ला उभा राहिला. दरवाजावरच्या शिलालेखात बाजीरावाचं नाव आहे. आतलं गोड्या पाण्याचं अष्टकोनी तळं चारी बाजूंच्या खाऱ्या पाण्याला न जुमानता टिकून आहे. आणि १८ जून २०२५ला विशाखापट्टणमला नौदलात ‘आयएनएस अर्नाळा’ दाखल झाली, उथळ पाण्यात पाणबुड्या हुडकणारी युद्धनौका.

मामा : त्या बोटीचं वाचलं मी पेपरात. अभिमान वाटला. सत्त्याहत्तर मीटर लांब! आणि आमच्या किल्ल्यावरची बाळंतीण वर्षानुवर्षं ओहोटीला गुडघाभर पाण्यातून उचलून होडीत घातली. उथळ पाण्याचं आम्हाला कोणी शिकवायला नको.

भाची : ते महापालिकेने बदललं असतं?

मामा : निदान मागायला मोठं दार असतं. पंचायतीचा सरपंच मंत्रालयात गेला की शिपाई विचारतो, कुठले? अर्नाळा म्हटलं की म्हणतो, कर्नाळा? पनवेलचं? महापौर गेला की खुर्ची देतात.

भाची : आणि महापौराने तिथे बसून काय मागायचं? विरारच्या उड्डाणपुलाचं. सूर्या धरणाचं पाणी विरार-नालासोपाऱ्याच्या इमारतींना. ज्याची मतं जास्त त्याचं काम आधी. अर्नाळ्याची होडी यादीत खाली. मामा, १९९० साली सिडको आली वसईत नियोजनाला, त्या सुमारास इथल्या लोकांनी हरित वसईची चळवळ का केली? फादर दिब्रिटो रस्त्यावर का उतरले? विहिरी आपल्या, बागा आपल्या, आणि टँकर भरून पाणी इमारतींना चाललं होतं म्हणून. तेव्हा गावं मोठ्या दारात नव्हती, तरी त्यांचं पाणी मोठ्या दारातून बाहेर गेलं.

मामा : फादरांबद्दल एक शब्द नाही बोलणार मी. पण ती माणसं बागायतदार होती. केळी, पानवेल, फुलं, स्वतःच्या सातबाऱ्यावर. हिरवं वाचवायला त्यांच्याकडे हिरवं होतं. कोळ्याच्या नावावर काय असतं? बोट. तीही बँकेची. बागायतदाराला गाव गाव राहिलेलं परवडतं. माझ्या नातवाला नाही परवडत. बोंबील कमी झाला, डिझेल वाढलं, खलाशी मिळत नाहीत. त्याला नोकरी हवी. शहर आलं तर दुकान टाकेल, रिक्षा घेईल.

(हे ऐकल्यावर मी पुष्कळ वेळ मामांच्या बाजूचा होतो. वसईच्या ‘गाव वाचवा’त जमीन असलेल्यांचा आवाज मोठा असतो, हे म्हणायला धीर लागतो, आणि मामांसारखा माणूसच ते बिनदिक्कत म्हणू शकतो.)

भाची : शहर आलं की जमिनीला भाव येतो. भाव जमीनवाल्याला. तुझ्याकडे जमीन नाही म्हणतोस, मग तुला काय येणार? घरपट्टी. आणि मामीचं खळं जाणार, कारण ज्या जागेला भाव आला ती बोंबील सुकवायला कोण ठेवतं? पंचायतीत निदान ग्रामसभेत उभं राहून मामी नाही म्हणू शकते.

मामा : ग्रामसभा! बाय, मी सांगतो ग्रामसभा काय असते. शंभर माणसं लागतात गणपूर्तीला. येतात वीस. सभा तहकूब. मग तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, तेच वीस परत बसतात आणि ठराव होतात. चहा येतो. झालं. तुझी मामी आजवर एकदाही गेली नाही. विचार तिला.

भाची : विचारलं. म्हणाली, तिथे बापे बसतात आणि आधीच ठरवून आलेले असतात.

मामा : मग?

भाची : मग काय? महापालिकेत तिला जायला खोलीसुद्धा नाही. इथे खोली आहे, ती तिथे जात नाही, एवढाच फरक. पण हा फरक मला मोठा वाटतो. खळं कोणाच्या नावावर आहे?

मामा : सरकारी असेल. बापजाद्यांपासून आम्हीच वापरतो.

भाची : कागदावर कुठे लिहिलंय? कोळीवाड्यांची हद्द आखा, सुकवायच्या जागा नोंदवा, ही मागणी सगळ्या किनाऱ्यावर आहे. उद्या महापालिका येवो नाही तर न येवो, खळं नोंदलेलं नसेल तर दोघंही ते रिकामं धरणार. आधी ते करूया.

मामा : अर्ज कुठे करायचा?

भाची : तहसीलदाराकडे. नकाशा मी काढते, कोणाची वलांडी कुठून कुठपर्यंत ते मामी सांगेल. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडायचा, वीस जणांच्या तहकूब सभेचा नाही. पुरी शंभर डोकी हवीत.

मामा : पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला. तेव्हा बोटी समुद्रात. शंभर बापे आणणार कुठून?

भाची : बापे कशाला? बाया असतात गावात. फक्त सरपंचांना सांग, सभा सकाळी ठेवू नका. सकाळी त्या पाट्या घेऊन विरारच्या बाजारात असतात.